सुप्यात जाळलेली खतं आणि चाकणची कोरी प्रॉमिसरी नोट

(या भागात बोललेलं थोडं नीट करून इथे लिहून काढलं आहे. ज्यांना शिफ्टमध्ये इअरफोन लावता येत नाही, त्यांच्यासाठी.)

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजमुळे करतोय. महाळुंग्यात राहणाऱ्या एका श्रोत्याने पाठवला होता. नाव सांगत नाही, त्यांनीच सांगू नका म्हटलंय. चाकण एमआयडीसीत कॉन्ट्रॅक्टवर आहेत. आईच्या ऑपरेशनसाठी एका ओळखीच्या माणसाकडून १ लाख रुपये घेतले. ‘दहा टक्क्यांनी.’ आता आपल्याकडे दहा टक्के म्हटलं की ते महिन्याचे, हे कुणी वेगळं सांगत नाही. पहिल्या महिन्याचं व्याज आधीच कापून हातात ९० हजार आले. त्या बदल्यात रेव्हेन्यू स्टॅम्प लावलेल्या छापील प्रॉमिसरी नोटवर सही घेतली. रक्कम कोरी, तारीख कोरी. सोबत सही केलेले दोन कोरे चेक. पुढे चौदा महिने दर महिन्याला १० हजार भरले. आणि आता समोरचा म्हणतोय, व्याज झालं, मुद्दल तसंच आहे. जमत नसेल तर गावाकडच्या दोन गुंठ्यांचं साठेखत करून दे.

त्यांचा प्रश्न एवढाच होता: “दादा, मी सही केलीय. आता काय उरतं का माझ्या हातात?”

मी वकील नाही, इतिहास सांगणारा माणूस आहे. पण हा प्रश्न ऐकला आणि मला १८७५ साल आठवलं. कारण नेमका हाच प्रश्न याच पुणे जिल्ह्यात, दीडशे वर्षांपूर्वी हजारो लोकांना पडला होता. तेव्हा मोबाइल नव्हता, एमआयडीसी नव्हती, चाकणला होता तो भुईकोट किल्ला. पण कोरा कागद होता, सही नाहीतर अंगठा होता, आणि कागद हातात आला की माणसाचं तोंड बंद करता येतं हे ज्याला कळलंय असा एक माणूस होता.

तर आधी सुप्याला जाऊ. सुपे म्हणजे आजच्या बारामती तालुक्यातलं, तेव्हा भीमथडीत होतं. मोठं बाजाराचं गाव. १२ मे १८७५ ला तिथे आसपासच्या गावांतले शेतकरी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर गेले. त्यांनी मागितलं काय? वह्या आणि खतं. खत म्हणजे कर्जरोखा, आज आपण ज्याला बाँड म्हणतो तो. ते बाहेर काढून रस्त्यावर जाळले. एका सावकाराचं घर जळालं, डझनभर घरं-दुकानं फोडली गेली, धान्य आणि कापडही गेलं. तीन दिवसांनी पुण्याचे मॅजिस्ट्रेट तिथे पोचले तेव्हा रस्त्यात राखेचे ढीग तसेच होते. पुढच्या काही आठवड्यांत हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या तीसहून जास्त गावांत गेलं. इतिहासाच्या पुस्तकात याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात.

यातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की बहुतेक ठिकाणी सावकाराने कागद मुकाट्याने दिले, तर त्याच्या अंगाला हात लागला नाही. लोकांना माणूस नको होता, कागद हवा होता. आणि हेही सांगायला हवं, की राग बहुतांशी मारवाडी आणि गुजर सावकारांवर निघाला, गावातले स्थानिक सावकार बरेचसे सुटले. बाहेरून आलेल्यावर राग काढणं सोपं असतं, ते तेव्हाही होतं. पण कागदाचं यंत्र दोघांचं सारखंच होतं.

याच्या थोडं आधी शिरूर तालुक्यात कर्डे नावाच्या गावी एक प्रकरण झालं होतं. त्याच शिरूर तालुक्यात आज रांजणगावची एमआयडीसी आहे. १८७४ च्या अखेरीला काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख नावाच्या शेतकऱ्याविरुद्ध १५० रुपयांचा हुकूमनामा मिळवला आणि त्याच्यावर घर सोडायची वेळ आणली. घर चांगल्या, मानाच्या घराण्यातलं. गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. त्यांचं काम करायचं नाही, पाणी भरायचं नाही, हजामत करायची नाही. कर्ड्यात आग लागली नाही, पण धग तिथूनच निघाली.

आता प्रश्न असा, की सावकार तर आधीही होते. पेशवाईतही होते. खुद्द पहिल्या बाजीरावाच्या डोक्यावर कर्ज होतं, आणि त्याला पैसे देणाऱ्यांत धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामीही होते. मग १८७५ लाच का पेटलं?

पेशवाईत कर्ज वसूल कसं व्हायचं, हे एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात लिहून ठेवलंय. त्याला तगादा म्हणत. सावकार दारात येऊन बसायचा, माणूस बसवायचा, धरणं धरायचा, ऋणकोला बाहेर पडू द्यायचा नाही. हे काही सुखाचं नव्हतं, गोड आठवणी काढू नका. पण त्यात एक गोष्ट होती: सगळं गावासमोर व्हायचं. किती घेतले, किती फेडले, दुष्काळाच्या साली किती सोडले, हे चार माणसांना ठाऊक असायचं. शिवाय दामदुपटीचा जुना नियम होता. मुद्दलापेक्षा व्याज जास्त मागायचं नाही. १०० दिले तर एका वेळी व्याजापोटी जास्तीत जास्त १०० च.

इंग्रज आले आणि त्यांनी कोर्ट आणलं. कोर्टाला गाव काय म्हणतं ते ऐकू येत नाही, कोर्टाला कागद दिसतो. १८५५ मध्ये व्याजावर मर्यादा घालणारे कायदेही रद्द केले. दोन मोठी माणसं आपसांत जो दर ठरवतील तो खरा. इंग्लंडमध्ये तेव्हा हेच मत चालत होतं, ते इथे लागू केलं. एक बाजू शिकलेली, दुसरी अंगठा उठवणारी, हे त्या तत्त्वात कुठेच बसत नव्हतं.

मग आला १८५९ चा मुदतीचा कायदा. आणि इथे जरा थांबू, कारण ही गोष्ट आजही तुमच्या खिशाशी संबंधित आहे. सरकारने म्हटलं, साध्या कर्जरोख्यावर दावा तीन वर्षांच्या आत करा, नाहीतर मुदत संपली. हेतू चांगला. सावकाराने वीस-वीस वर्षं व्याज साठवत बसू नये म्हणून. झालं काय? तीन वर्षं संपत आली की सावकार म्हणायचा, जुनं खत फाडू, नवीन करू. नवीन खतात जुनं मुद्दल अधिक तीन वर्षांचं व्याज, हे सगळं मिळून नवं मुद्दल.

हिशेब करून बघा. १०० रुपये, महिना २ टक्के. तीन वर्षांचं व्याज ७२. नवं खत १७२ चं. आणखी तीन वर्षांनी ते होतं २९६ च्या आसपास. नऊ वर्षांनी ५०९. बारा वर्षांनी ८७५. मधे ज्वारी दिली, बैल दिला, रोख दिले, त्याची पावती नाही. आणि दामदुपट? ती कागदावरच्या मुद्दलाला लागते, आणि कागदावरचं मुद्दल दर तीन वर्षांनी नवीन जन्म घेतंय. ज्या कायद्याने ऋणको वाचायचा, त्याच कायद्याने तो दर तीन वर्षांनी सावकाराच्या ओट्यावर अंगठा उठवायला जाऊ लागला.

याच्या वर मग इतर गोष्टी आल्या. अमेरिकेत १८६१ ला यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी मागेल त्याला पैसे दिले. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले, उधारी बंद. नेमकं तेव्हाच शेतसाऱ्याची फेरआकारणी झाली आणि काही ठिकाणी सारा दुपटीपर्यंत गेला. पैसे हवेत सगळ्यांना, देणारा कोणी नाही, आणि ज्याच्याकडे आहे त्याच्या हातात तुमचे जुने कागद. नंतर नेमलेल्या चौकशी आयोगाने सरकारी साऱ्याकडे फारसं बोट न दाखवता दोष सावकारावर टाकला. सरकारनेच नेमलेला आयोग, दुसरं काय म्हणणार. पण त्याच आयोगाने गोळा केलेले कागद आणि जबान्या इतक्या तपशिलात आहेत, की सावकारीची एकेक युक्ती त्यातून आज आपल्याला वाचता येते.

एक युक्ती सांगतो. शेतकऱ्याकडून गाडी आणि बैल विकत घेतल्याचा कागद करायचा. पैसे द्यायचे नाहीत, कर्जात वळते करायचे. मग तीच गाडी, तेच बैल त्याच शेतकऱ्याला भाड्याने दिल्याची चिठ्ठी करायची. बैल त्याच्याच गोठ्यात. गाडी त्याच्याच दारात. पण आता तो आपल्याच बैलाचं भाडं भरतोय, वर चारा त्याचाच.

तुम्ही म्हणाल, जुन्या काळच्या गोष्टी. बरं. मग मला सांगा, टेम्पोवर खासगी पैसे घेताना आरसी बुक आणि दुसरी किल्ली कोण ठेवून घेतं? आणि गाडी नावावर करायच्या २९-३० नंबरच्या फॉर्मवर आधीच सह्या कोण घेतं?

आता १८७९ चा कायदा. याच्यासाठीच मी हा भाग करतोय, कारण शाळेत दंगा शिकवतात आणि कायदा एका ओळीत उडवतात. दख्खन शेतकरी साहाय्य कायदा. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. म्हणजे खेड तालुक्यातलं चाकण आणि हवेलीतलं चिंचवड, दोन्ही त्यात आले. आज जिथे प्रेस शॉप आणि पेंट शॉप उभी आहेत, त्या जमिनींवरचे कर्जरोखे या कायद्याखाली तपासले गेले.

या कायद्याने कोर्टाला सांगितलं की शेतकऱ्याविरुद्ध दावा आला, तर समोरच्या कागदावर थांबू नका. मागे जा. हा व्यवहार पहिल्यांदा सुरू कधी झाला, खरोखर हातात किती दिले, मधे काय काय परत आलं, याचा पूर्ण हिशेब उघडा. मुद्दल वेगळं मांडा, व्याज वेगळं मांडा, व्याजावर व्याज लावू नका. ऋणकोने आधीच्या हिशेबाला मान्यता दिल्याचा कागद असला तरीही उघडा. विचार करा, केवढी मोठी गोष्ट आहे. सगळं करारशास्त्र म्हणतं, सही केलीस ना, मग संपलं. हा कायदा म्हणतो, सही केलीस हे खरं, पण कशावर केलीस ते बघू.

अजून होतं. कर्जासाठी कैद बंद. गावोगाव दस्त नोंदणारा अधिकारी नेमला, आणि शेतकऱ्याचा रोखा त्याच्यासमोर, त्याने वाचून समजावून सांगितल्यावरच करायचा. पैसे दिले की पावती मागायचा हक्क. वर्षाचा हिशेब मागायचा हक्क. आणि ती तीन वर्षांची मुदत? ती वाढवून साध्या रोख्याला सहा, नोंदलेल्याला बारा वर्षं केली, म्हणजे नवं खत करायची घाई उरू नये.

या कायद्याच्या कामकाजावर देखरेख करायला खास न्यायाधीश होता. त्या कामात आधी मदतनीस म्हणून आणि १८८७ पासून मुख्य म्हणून कोण होतं माहितीये? न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. आपल्याला रानडे सभा-परिषदांतून माहीत असतात. पण या माणसाने चार जिल्ह्यांतली छोटी कोर्टं तपासण्यात वर्षं घालवलीत. त्यांना एक गोष्ट कळली होती, की सावकाराला नुसता आवळून भागत नाही, पैसे दुसरीकडून मिळायला हवेत. विल्यम वेडरबर्न आणि पुण्याच्या मंडळींनी १८८० च्या दशकात पुरंदर तालुक्यात शेतकी बँक काढायची योजना मांडली. लंडनने ती मंजूर केली नाही. सहकारी पतसंस्थांचा कायदा यायला १९०४ उजाडलं.

मग हा कायदा यशस्वी झाला का? माझं मत, अर्धा. कोर्टात शेतकऱ्याला बोलता आलं, हे मोठं. पण सावकारही शिकला. कर्जाचा कागद केला की कोर्ट मागचा हिशेब उघडतं ना? मग कर्जाचा कागदच करायचा नाही. थेट खरेदीखत करून घ्यायचं. तोंडी सांगायचं, पैसे दिलेस की जमीन परत देतो. कागदावर सरळ विक्री. पुढे कायद्यात दुरुस्ती करून असा ‘विक्री’चा कागद मुळात गहाणाचा होता का, हे तपासायचा अधिकार कोर्टाला द्यावा लागला. पण तोवर किती जमिनी गेल्या.

दोन गुंठ्यांचं साठेखत, आठवलं? 

तर आता आजच्या कागदाकडे येऊ. प्रॉमिसरी नोट. मराठीत वचनचिठ्ठी. त्याचा कायदा १८८१ चा आहे, म्हणजे दख्खनच्या कायद्यानंतर दोनच वर्षांनी आलेला, आणि तोच आजही चालू आहे. वचनचिठ्ठी म्हणजे काय, तर लेखी, बिनशर्त, ठरावीक रक्कम, ठरावीक व्यक्तीला किंवा ती सांगेल त्याला देण्याचं सही केलेलं वचन. ‘मी तुझे हजार रुपये देणं लागतो’ एवढंच लिहिलं तर ती वचनचिठ्ठी होत नाही. त्यात ‘देईन’ हवं. हे उदाहरण त्या कायद्यातच दिलंय. ‘माझं लग्न झालं की देईन’ असं लिहिलं तरी नाही होत, कारण अट आली. तिच्यावर रेव्हेन्यू स्टॅम्प लागतो, आणि तो नसेल तर नंतर दंड भरूनही ती कोर्टात पुरावा म्हणून चालवता येत नाही. साक्षीदार कायद्याने लागत नाहीत, तरी लोक घेतात, आणि घ्यावेत.

कर्जाचा करारनामा हा वेगळा प्रकार. त्यात दोघं सह्या करतात, हप्ते, व्याज, उशीर झाला तर काय, सगळं लिहिता येतं. आपल्याकडे स्टॅम्प पेपरवर ‘हातउसने पैशांचा करारनामा’ म्हणून करतात. पूर्वी १०० च्या स्टॅम्पवर चालायचं, ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात तो ५०० चा झालाय. नोटरीचा शिक्का म्हणजे सही तुमचीच आहे याची खूण. आतला मजकूर खरा आहे, याची ती हमी नाही. हे मी मुद्दाम सांगतोय. ‘नोटरी केलंय’ म्हटलं की आपली माणसं घाबरतात.

आणि कोरा कागद? इथे १८८१ चा कायदा सरळ ऋणकोच्या विरुद्ध जातो. स्टॅम्प लावलेल्या कोऱ्या वचनचिठ्ठीवर सही करून दिलीत, तर ती भरायचा अधिकार तुम्ही समोरच्याला दिला असं धरलं जातं. कोऱ्या चेकचंही तसंच. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बीर सिंग विरुद्ध मुकेश कुमार या खटल्यात म्हटलं, सही केलेला कोरा चेक स्वखुशीने दिला असेल तर तो देणं फेडण्यासाठीच दिला असं गृहीत धरता येईल. तसं नव्हतं हे तुम्ही सिद्ध करा. चेक परत गेला आणि नोटीस आल्यावर १५ दिवसांत पैसे दिले नाहीत, तर फौजदारी केस, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट दंड, किंवा दोन्ही. कर्जासाठी कैद १८७९ ला इथे बंद केली होती ना? १९८८ च्या दुरुस्तीने ती चेकच्या दाराने परत आत आली, असं माझं म्हणणं. वकील मंडळी भांडतील माझ्याशी. भांडोत.

पण हे अर्धंच चित्र आहे. दुसरा अर्धा भाग म्हणजे २०१४ चा महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा. आणि हा कायदा वाचताना मला सारखं वाटत राहतं, की हा १८७९ च्याच कायद्याचा पणतू आहे.

सावकारीचा धंदा करायला परवाना लागतो. धंदा, हा शब्द धरून ठेवा. मित्राने मित्राला एकदा हातउसने दिले, ती सावकारी नव्हे. पण जो दहा जणांना व्याजाने देतो, तो ‘ओळखीचा’ असला तरी धंदाच करतो. परवाना नसताना केला तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. परवाना असला तरी दर सरकार ठरवतं. २०१४ साली ठरलेले दर असे: शेतकऱ्याला तारण घेऊन वर्षाला ९ टक्के, विनातारण १२, बाकीच्यांना तारणावर १५, विनातारण १८. वर्षाला! महिन्याला नव्हे. चक्रवाढ लावायची नाही. मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करायचं नाही, म्हणजे आपली जुनी दामदुपट. कर्जाची खरी रक्कम न लिहिलेला किंवा जागा कोऱ्या ठेवलेला कागद सावकाराने घ्यायचाच नाही. पावती द्यायची, हिशेब द्यायचा. आणि परवाना नसलेल्या सावकाराच्या दाव्यात कोर्ट त्याच्या बाजूने हुकूमनामा देत नाही.

जमिनीचं म्हणाल, तर सावकारीत गेलेली जमीन, मग कागदावर ते खरेदीखत का असेना, अर्जाच्या आधीच्या पंधरा वर्षांतलं असेल तर जिल्हा निबंधक चौकशी करून तो व्यवहार रद्द ठरवू शकतात आणि जमीन परत द्यायला सांगू शकतात. कागदामागे जा, ही तीच आज्ञा. फक्त ती आता कोर्टाऐवजी सहकार खात्याकडे आलीय. तक्रार करायची ती तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे, सहकारी संस्थांचं काम बघणारं तेच कार्यालय. धमकी असेल तर पोलिसांकडेही.

आमच्या श्रोत्याचा हिशेब मग मी बसून केला. हातात आले ९० हजार. कायद्याचा सर्वात जास्त दर, विनातारण १८ टक्के, म्हणजे महिना दीड टक्का. महिन्याला १० हजार भरत गेले असते तर दहाव्या हप्त्यात कर्ज संपतं, तोही हप्ता पूर्ण लागत नाही. त्यांनी चौदा भरलेत. आणि समोरचा म्हणतोय मुद्दल तसंच आहे.

अडचण कुठे आहे सांगू? १८७५ ला होती तिथेच. देणाऱ्याकडे कागद आहे, घेणाऱ्याकडे आठवण. कायदा कागदामागे जायला तयार असला, तरी मागे जाऊन त्याला काहीतरी सापडलं पाहिजे. म्हणून पैसे घेताना-देताना खात्यावरून घ्या, खात्यावरून द्या. २० हजार किंवा जास्त रोखीने कर्ज घेणं आयकर कायद्यालाही चालत नाही, मित्राकडून घेतलं तरी. यूपीआयच्या शेऱ्यात ‘हातउसने परतफेड’ असं चार अक्षरी लिहा. सही करण्याआधी रक्कम आकड्यात आणि अक्षरात स्वतःच्या हाताने भरा, राहिलेल्या जागेत रेघ मारा, आणि फोटो काढा. फोटो काढू देत नसेल तर तिथून उठा. कर्ज फिटलं की मूळ चिठ्ठी परत घ्या, तिच्यावर ‘पूर्ण फेड’ लिहून समोरच्याची सही घ्या, मग फाडा. मागणीवर देय वचनचिठ्ठीची मुदत तारखेपासून तीन वर्षं. हो, तीच १८५९ ची तीन वर्षं, आजही. त्यामुळे कोणी अडीच वर्षांनी गोड बोलून ‘जुनी चिठ्ठी फाडू, नवीन करू’ म्हणाला, तर नवीन चिठ्ठीत मुद्दल किती लिहिलंय ते आधी बघा.

मित्राला पैसे देणाऱ्यांनाही हेच लागू. कागद मागितला म्हणजे विश्वास नाही, असं आपल्याकडे उगाच मानतात. स्वच्छ कागद दोघांना वाचवतो. ज्याच्या हातात कोरा कागद असतो त्याच्याशी मैत्री राहत नाही.

लोन ॲपबद्दल खूप जण विचारतात, तर थोडक्यात. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कर्जाचे पैसे थेट तुमच्या खात्यात यायला हवेत, ॲपने तुमचे कॉन्टॅक्ट आणि गॅलरी धुंडाळायची नाही, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून कर्जाच्या अटींचं सोपं पत्रक आधी द्यायला हवं, ज्यात सगळे चार्ज धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. एकशे एक पानांच्या अटींवर ‘आय ॲग्री’ दाबण्याआधी तो एक आकडा शोधा. अंगठा तेव्हा शाईत बुडवायचे, आता स्क्रीनवर ठेवतात.

आता त्या श्रोत्याचं. त्यांना मी हे सगळं फोनवर सांगितलं, वकिलाकडे जा म्हटलं, आणि साठेखतावर सही करू नका म्हटलं. त्यांनी बँकेतून स्टेटमेंट काढलंय. चौदापैकी नऊ हप्ते यूपीआयने गेलेत, ते दिसतात. पाच रोख दिले होते, एकाचीही पावती नाही. पण प्रत्येक वेळी पैसे मिळाले की समोरच्याने व्हॉट्सॲपवर अंगठा पाठवला होता. तारखेसकट. ते चॅट डिलीट करू नका, एवढं मी त्यांना दोनदा सांगितलं. सोमवारी ते राजगुरुनगरला तक्रार द्यायला जाणार आहेत, सुट्टी मिळाली तर.